गालाची उंची

खोका उघडला तेव्हा मला आधी वाटलं, रायफल उलटी ठेवली आहे. पाठवणाऱ्या लोकांचा हल्ली काही भरवसा नाही, मागे एकदा दुर्बिणीच्या खोक्यातून कुणाच्या तरी छत्रीचा दांडा निघाला होता. मी फोमचा वरचा थर बाजूला केला, रायफल उचलली आणि मेजावरच्या दोन खाचांत ठेवली, नळी खिडकीकडे, दस्ता माझ्याकडे, गेली एकतीस वर्षं ठेवतो तशी. उजवा हात सवयीने बोल्टच्या, म्हणजे गोळी आत सरकवायच्या दांड्याच्या, मुठीकडे गेला आणि तिथे मूठ नव्हती. नुसतं सपाट, थंड पोलाद. हात तिथेच राहिला. मूठ पलीकडच्या बाजूला होती. डावीकडून मारणाऱ्या माणसासाठी बनवलेली रायफल. नेमबाजीच्या या रेंजवर आजपर्यंत मी दोनशेच्या वर रायफली बसवल्या असतील, त्यात डावी एकही नव्हती. साठीला आलेल्या माणसाने एका मुठीची जागा बदलली म्हणून खाली बसायचं काही कारण नाही. मी खुर्चीवर बसलो. सकाळचे साडेनऊ झाले होते आणि बाहेर कुणीतरी लक्ष्याच्या कागदांचे गठ्ठे सोडत होतं.

नवी रायफल म्हणजे कच्चे टाके घातलेला कोट. कारखान्यातून येते तेव्हा ती कुणाचीच नसते. ती एका माणसाची करायची हे माझं काम. दस्ता खांद्यापासून किती लांब हवा, गाल टेकवायचा तुकडा, ज्याला आम्ही चीकपीस म्हणतो, तो किती उंच हवा, दुर्बीण डोळ्यापासून किती अंतरावर हवी. सगळं जमलं की माणसाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल टेकवावा, डोळे उघडावेत, आणि दुर्बिणीतलं चित्र पुरतं गोल, काठाला कुठेही काळं नाही, असं समोर असावं. मान चित्र शोधत फिरायला लागली की समजायचं, रायफल बसलेली नाही. त्यासाठी प्रत्येक रायफलीबरोबर, मागवणाऱ्याने स्वतः भरलेला, मोजमापाचा कागद येतो. मी तो मधोमध दुमडतो, मापं वर आणि छापील बडबड मागे, आणि मेजावरच्या तारेला चिमट्याने लटकवतो. खालच्या अर्ध्या भागात काय असतं ते मला पाठ आहे. नळी कुणाकडे रोखू नये, कोरड्या जागी ठेवावी, मुलांपासून लांब ठेवावी. हाही कागद मी तसाच दुमडला, लटकवला आणि चष्मा कपाळावर चढवून मापं वाचायला लागलो. दस्त्याची लांबी तीनशे सत्तावीस मिलिमीटर. आकडे इंग्रजीत होते आणि साताच्या पोटातून आडवी रेघ होती.

ती रेघ माझी आहे. म्हणजे मी शिकवलेली. बारकी दहा वर्षांची असताना माझ्याशेजारी स्टुलावर बसून नेमबाजांचे गुण लिहायची. तिचे सात आणि एक सारखेच दिसतात म्हणून एका वकिलाने एकदा अख्खी दुपार माझं डोकं खाल्लं होतं. त्या संध्याकाळी मी तिच्याकडून शंभर सात गिरवून घेतले, प्रत्येकाच्या पोटात रेघ. ती रडली नाही, पण शेवटच्या दहा रेघा तिने इतक्या जोरात मारल्या की वही फाटली. अशी रेघ मारणारी माणसं जगात लाखो असतील. पण रेघेचं उजवं टोक शेवटी वर उचलायचं, जसं काही रेघेलाच राग आलाय, ते एकच माणूस करतं. बारकी माझी मुलगी. चौदा वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही. किंवा मी तिच्याशी. सुरुवात कुणी केली हे आता दोघांनाही नीट सांगता येणार नाही, म्हणजे मला तरी येणार नाही.

सेक्रेटरी त्याच्या खोलीत चहा गार करत बसला होता. आमचा सेक्रेटरी भला माणूस आहे, फक्त त्याला कुणाच्या तोंडावर काही सांगायचं झालं की आधी चष्मा पुसावा लागतो.

“ती डावी कुणाची?” मी विचारलं.

“कागद आहे की बरोबर.”

“कागद आहे. मी तुम्हाला विचारतोय.”

त्याने चष्मा काढला. “मला वाटलं, घरी बोलणं झालं असेल. तिने स्वतः फोन केला होता, झाला महिना. रायफल इथूनच बसवून हवी म्हणाली. शनिवारी येऊन नेणार आहे, सही तिचीच लागते ना.”

“माझं नाव घेतलं?”

“नाव असं नाही घेतलं. मिस्त्रींकडूनच बसवून घ्या म्हणाली.” चष्मा पुसून झाला होता, तरी तो पुसत राहिला. “त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. असं म्हणाली. अगदी याच शब्दांत.”

मिस्त्री म्हणजे मी. रेंजवर शेंबड्या पोरापासून निवृत्त न्यायाधीशापर्यंत सगळे मला मिस्त्री म्हणतात. मुलीनेही बापाला मिस्त्री म्हणावं याचं खरं तर वाईट वाटायला हवं होतं. मला वाईट वाटलं नाही. मला इतका आनंद झाला की परत येताना मी उंबऱ्याला ठेचकाळलो. त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. दिवसभर हे वाक्य मी तोंडात घोळवत राहिलो. चौदा वर्षांनी पोरीने निरोप धाडला होता, तोही बरोबर माझ्या भाषेत, दोन स्क्रूंनी घट्ट केलेला. माफी मागायला मला शब्द कधी जमले नाहीत. आमच्या घराण्यातच ते नाहीत, माझ्या बापाने आयुष्यात एकदाच “राहू दे” असं म्हटलं होतं आणि आम्ही भावंडं तेवढ्यावर वीस वर्षं काढली. पण हाताने मला मागता येईल असं वाटलं. ही रायफल मी अशी बसवीन की ती खांद्याला लावताच तिला कळेल, की या माणसाला आपण आठवतो, हाडापर्यंत आठवतो. मग ती एखादा शब्द बोलेल. बोलली की मीही बोलेन. सोमवार होता. माझ्या हातात शुक्रवारपर्यंतचे दिवस होते.

माणसाच्या दोन डोळ्यांत एक मालक असतो आणि दुसरा भाडेकरू. दिसतं दोघांना, पण नेम मालकाचा. बहुतेकांचा मालक उजवा, काहींचा डावा, आणि हात उजवा असला म्हणून डोळा उजवाच असेल असं नाही. हे ओळखायला अर्धं मिनिट लागतं. दोन्ही तळव्यांची लहानशी खिडकी करायची, हात लांब करून तिच्यातून दाराची कडी बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने बघताना कडी खिडकीतच राहते तो मालक. रेंजवर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी, रायफलीला हात लावू द्यायच्या आधी, त्या दाराच्या कडीसमोर उभं केलं आहे. डॉक्टरांना केलं, पोलिसांना केलं, एका नवऱ्यामुलाला केलं जो फक्त फोटो काढायला आला होता. एका माणसाला केलं नाही. ती आठ वर्षांची होती, पाटीवर उजव्या हाताने लिहायची, चमचा उजव्या हातात धरायची, आणि माझी मुलगी होती. माझ्या मुलीचं मी काय तपासायचं? मी तिच्या उजव्या हातात हवेची बंदूक दिली, आणि ती नेम धरताना तोंड तिरपं करून डाव्या डोळ्याकडे सरकायला लागली तेव्हा एक काळा पुठ्ठा चौकोनी कापून चष्म्याच्या फ्रेमला अडकवला आणि तिचा डावा डोळा झाकून टाकला. “बाबा, अंधार होतो,” ती म्हणाली. “सवय होईल,” मी म्हणालो. नऊ वर्षं तिने तो पुठ्ठा लावला. नऊ वर्षं घराच्या मालकाला कोंडून भाडेकरूकडून कारभार करवला, आणि तरी ती जिल्ह्यात दुसरी, तिसरी येत होती. पहिली का येत नाही म्हणून मी रागावत होतो.

तिचं डोकं दुखायचं. मी म्हणायचो, अभ्यासाच्या दिवशी दुखत नाही वाटतं. मान दुखायची, कारण चित्र शोधण्यासाठी ती मान फार खाली घालून गाल दस्त्यावर दाबायची, आणि मीही तिला तेच शिकवत होतो, “मान घाल, गाल दाब, आणखी.” सतराव्या वर्षी निवडीच्या स्पर्धेत चाळिसाव्या गोळीनंतर तिने बोल्ट उघडला, रायफल खाली ठेवली, चष्म्यावरून तो पुठ्ठा ओरबाडून काढला आणि उठली. अजून वीस गोळ्या बाकी होत्या. पंच, पालक, दुसऱ्या क्लबांचे मिस्त्री, सगळे बघत होते. ती माझ्यासमोरून जाताना मी म्हणालो, “आंधळी कार्टी.” हळू नाही म्हणालो. माझा आवाज मुळात मोठा आहे, वर्षानुवर्षं गोळ्यांच्या आवाजात काम केल्याने कान जरा कमी आहेत आणि बोलणं वर जातं, पण ते कारण नाही. मला सगळ्यांना ऐकवायचं होतं. ती थांबली नाही. तो पुठ्ठा माझ्या पायाशी पडला होता, तो मी उचलला. पुढच्या वर्षी ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि तिकडचीच झाली. सहा वर्षांपूर्वी एकदा जेवताना बायको सहज बोलल्यासारखं म्हणाली, “तिने पुन्हा सुरू केलंय. डावीकडून मारते आता. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी दाराच्या कडीसमोर उभं केलं म्हणे. अर्ध्या मिनिटात कळलं.” मी ताटातलं सगळं संपवलं. पाणी प्यायलो. त्यानंतर एखाद्याने फोन उचलला असता. मी दुसऱ्या दिवशी रेंजवर गेलो आणि एका नव्या दंतवैद्याला दाराच्या कडीसमोर उभं केलं.

मंगळवारी मी दुर्बीण बसवली. खिडकीपलीकडच्या भिंतीवर ओळंबा सोडला, त्याची दोरी स्थिर व्हायची वाट बघितली आणि दुर्बिणीतली उभी रेघ दोरीवर आणली. केसाएवढाही कल नको. मग दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू, टॉर्क पान्याने, एकदम नाही, कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे. ठरलेला जोर लागला की पाना टक् करतो, तेव्हा थांबायचं. ट्रिगर मी तिच्यासाठी हलका केला, पण अगदी हलका नाही, तिचं बोट लहानपणी घाई करायचं. दस्त्याची लांबी कागदाप्रमाणे तीनशे सत्तावीस. ती मला पटली, माझ्या मनातल्या आकड्याहून दोनच मिलिमीटर जास्त होती. मग गालाची उंची. कागदावर बेचाळीस लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं. बेचाळीस हा गाल नव्हेच, ही उंची एखाद्या लांब मानेच्या दांडग्या पुरुषाची. बारकीचं चौतीस. ते मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तिच्या गालाचं हाड कुठे सुरू होतं, दस्त्यावर ते कुठे टेकतं, दाबलं की त्यावर कसा पांढरा ठिपका उठतो, हे मी नऊ वर्षं हातभर अंतरावरून बघितलं आहे. कागदावरचा आकडा तिने लिहिला असेल, पण माप दुसऱ्या कुणीतरी घेतलं असणार, घाईत, पट्टी तिरपी धरून. तिथल्या त्या बाईंनी. डोळा ओळखला म्हणून मापही येतं असं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्या बाई चुकल्या होत्या आणि मी दुरुस्त करणार होतो. मी चावीने चीकपीस चौतीसवर आणला आणि स्क्रू आवळला.

घरी गेलो तर बायको पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सगळं माहीत होतं. दर गुरुवारी ती मागच्या गॅलरीत फोन घेऊन जाते, दार ओढून घेते, आणि अर्धा तास आतून नुसती कुजबुज येते. मी तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवतो, म्हणजे मला ऐकायचं नाही असं दोघींना वाटावं.

“शनिवारी येतेय,” मी म्हणालो.

“माहितीय.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कधी?” तिने माझ्या सदऱ्याची बाही आत घातली. “चौदा वर्षांत एकदा तरी विचारलंत, कशी आहे म्हणून? टीव्ही मोठा करता.”

“आता विचारतो. कशी आहे?”

“मला नका विचारू. तिला विचारा. जीभ झडली नाही तुमची.” मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, “आणि तिने जे लिहून पाठवलंय तसंच करा म्हणजे झालं. स्वतःचं शहाणपण नको.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“मला काही कळत नाही,” ती म्हणाली आणि पुढचा कपडा घेतला.

बुधवारी मी नळी मुरवायला घेतली. नव्या नळीच्या पोटात कारखान्यातल्या हत्यारांचे बारीक ओरखडे असतात, बोटाला लागत नाहीत, पण गोळीवरचं तांबं खरवडून धरून ठेवतात. एकेक गोळी त्यांना गुळगुळीत करत जाते. मात्र प्रत्येक गोळीनंतर नळी साफ करायला हवी, नाहीतर तांब्यावर तांबं चढतं आणि खालचा ओरखडा तसाच झाकून राहतो. काही शहाणे म्हणतात हे थोतांड आहे, चार पेट्या झाडा, आपोआप मुरते. म्हणोत. मी एक गोळी मारतो, बोल्ट काढतो, मागच्या बाजूने गज घालतो, तांबं खाणाऱ्या औषधात भिजवलेली चिंधी नळीतून पार करतो. चिंधी निळी येते, मोरपंखी निळी. मग दुसरी, तिसरी, पांढरी येईपर्यंत. मग पुढची गोळी. एका सकाळी दहापंधरा गोळ्याच होतात आणि माणूस बाकावर बसून बसून स्वतःच्या पोटात काय काय चढलंय त्याचा विचार करत राहतो. आमच्या घरात दोन गोळ्यांमध्ये कुणी चिंधी फिरवली नाही. मी फिरवायला हवी होती. कामच ते आहे माझं.

पहिल्या दोन गोळ्या मी माझ्या पद्धतीने उजवीकडून मारल्या, पण दस्ता डाव्या गालासाठी कापलेला, तो मला टेकूच देईना. म्हणून तिसरीला रायफल डाव्या खांद्याला घेतली. आणि लगेच माझा उजवा डोळा, माझा मालक, दुर्बिणीकडे सरकायला लागला. तोंड तिरपं झालं. मिटून बघितला तर पापणी थरथरते आणि डावाही मिचमिचतो. मी उठलो, मेजाचा खालचा खण उघडला आणि मागे हात घातला. तो काळा पुठ्ठा तिथेच होता, चौदा वर्षं, एका कोपऱ्यावर तिने चावल्याच्या खुणा. मी तो माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर अडकवला आणि परत बाकावर बसलो. अर्धं जग विझलं. जे उरलं ते पाण्यातून दिसावं तसं दिसायला लागलं. दुर्बिणीतल्या रेघा होत्या, लक्ष्य होतं, पण दोन्ही एकमेकांशी बोलत नव्हती, मान आपोआप खाली गेली, गाल दाबला गेला, आणखी. झाकलेला डोळा काळोखात उघडा राहून ओढत होता. चौथ्या गोळीला भुवईच्या वर कळ सुरू झाली. सातव्या गोळीला ती मानेत उतरली. बाराव्या गोळीनंतर मला ओकारी येईल असं वाटलं आणि मी पुठ्ठा काढून बाकावर डोकं टेकवलं. दहा गोळ्या. तीही सावकाश, बसून, मधे चिंध्या फिरवत. ती चाळीस मारायची, रोज, शाळा करून. अंधार होतो बाबा. सवय होईल. मी तिथे बाकावर म्हाताऱ्या बाईसारखा हुंदके देऊन रडलो. शेजारच्या लेनमधला माणूस कानाला संरक्षण लावून मारत होता, त्याला ऐकू गेलं नाही.

तेव्हा मी ठरवलं, हे तिला सांगायचं. बाकीचं काही नाही, एवढंच. मी तो पुठ्ठा लावून बघितला, दहा गोळ्यांत मला उलटी यायची वेळ आली, तू नऊ वर्षं कशी काढलीस? गुरुवारी, शुक्रवारी मी ते वाक्य नळीत चिंधी फिरवावी तसं फिरवत राहिलो, दरवेळी थोडं कमी निळं. विसाव्या गोळीला चिंधी जवळपास पांढरी आली. शंभर मीटरवर मारलेल्या शेवटच्या तीन गोळ्या शर्टाच्या एका बटणाखाली झाकल्या जात होत्या, आणि त्या मी डाव्या डोळ्याने मारल्या होत्या.

शनिवारी ती अकराला आली. मी दारातच उभा होतो, उभा नव्हतो असं दाखवत. केस कापले होते, कपाळाशी दोनचार पांढरे होते. आपल्या मुलीचे पांढरे केस बघायची कुणी तयारी करून ठेवत नाही.

“आलीस?” मी म्हणालो.

“हो.” तिने चप्पल दाराशी काढली, लहानपणी काढायची तिथेच. “आई बरी आहे ना?”

“बरी आहे. जेवायला थांब म्हणालीय.”

“बघते. संध्याकाळपर्यंत परत पोचायचंय.”

मग ती रायफलीकडे गेली आणि मला बरं वाटलं, कारण आता आम्ही दोघंही रायफलीकडे बघू शकत होतो. तिने बोल्ट डाव्या हाताने दोनदा मागेपुढे केला. ओठ किंचित दाबले गेले, ते तिचं हसू. रायफल बाकावर नेली, बसली, दस्ता डाव्या खांद्याला लावला, डोळे मिटले, गाल टेकवला. तिने डोळे उघडले.

तिची मान हलली. आधी थोडी वर, मग पुढे, मग खाली. ती चित्र शोधत होती. माझ्यासमोर, माझ्या हाताने बसवलेल्या रायफलीवर, बारकीची मान चित्र शोधत फिरत होती. तिने गाल उचलला आणि चीकपीसकडे बघत राहिली.

“कागद वाचला नाहीत का?” ती म्हणाली. लहानपणी ती मला अरेतुरे करायची.

“वाचला. बेचाळीस होतं. मला वाटलं, मोजणाऱ्याची चूक असेल. तुझं चौतीस...”

“चौतीस सतराव्या वर्षी होतं.” आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “तेव्हा मी मान घालून मारायचे. आता सरळ ठेवते. शिरा दुखायच्या म्हणून सगळी बैठकच बदलली. दोन वर्षं लागली.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“कागदावर होतं, बाबा.”

ती उठली, मेजाशी गेली आणि न शोधता तिसऱ्या खिळ्यावरची चावी घेतली. चावीची जागा मी कधी बदललेली नाही. तिने स्वतः स्क्रू सैल केला, पट्टी लावून चीकपीस बेचाळीसवर आणला, आवळला. पुन्हा बसली, डोळे मिटले, गाल टेकवला, उघडले. मान हलली नाही. ती ताठ बसली होती, खांदे सैल, डोकं वर, आणि मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. इतकी उंच आहे हे मला माहीत नव्हतं. तिने तीन गोळ्या मारल्या, घाई न करता. दुर्बीण न लावताही मला कळलं, तिन्ही एका भोकात गेल्या.

“नळी छान मुरलीय,” ती म्हणाली.

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

तिचा हात उघड्या बोल्टवर थांबला. तिने वळून बघितलं नाही, समोर लक्ष्याकडेच बघत राहिली. “काय चुकलं?” तिने विचारलं. हळू विचारलं, आणि मग थांबली. खूप वेळ थांबली. माझा हात खिशात त्या पुठ्ठ्यावर होता, चावलेल्या कोपऱ्यावर. सगळं वाक्य तोंडात होतं, चार दिवस घासलेलं. दाराची कडी समोर दिसत होती. मी तोंड उघडलं.

“आठ मिलिमीटर,” मी म्हणालो.

तिने मान डोलावली. “ठीक आहे,” ती म्हणाली. “केलं मी ते.”

मग तिने नळी साफ केली, गज मागूनच घातला, मी शिकवला तसा. सेक्रेटरीच्या वहीत सही केली. रायफल खोक्यात ठेवताना मी एक बाजू धरली आणि तिने दुसरी, तेवढंच. जेवायला थांबली नाही. पायात चप्पल घालताना तिने भिंतीला हात टेकवला, डावा, आणि म्हणाली, “येते.” जाते नाही म्हणाली. पण तसं सगळेच म्हणतात.

ती गेल्यावर मी मेज आवरलं. काम झालं की कागद फायलीला लावायचा असतो. मी चिमटा काढला, कागद उतरवला आणि फायलीत घालण्यासाठी दुमड उलगडली. खाली नळी रोखू नये होतं, कोरडी जागा होती, मुलं होती. त्याच्याखाली शेऱ्यासाठी दोन रिकाम्या ओळी असतात, त्या आजवर कुणीही भरलेल्या नाहीत. त्या भरलेल्या होत्या. अक्षर बारीक आणि सरळ होतं. लिहिलं होतं, गालाची उंची पूर्वीपेक्षा वेगळी आहे. काही शंका वाटल्यास जरूर फोन करावा. केव्हाही. पुढे दहा आकडे होते. त्यांत दोन सात होते, दोन्हींच्या पोटात रेघ, टोक वर उचललेलं.

सोमवारपासून तो कागद माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर लटकत होता. मंगळवारी मला शंका आली होती. तेव्हा ती तिकडे फोनजवळ असणार. बुधवारी असणार, गुरुवारी असणार, शुक्रवारी रात्रीसुद्धा. मी मेजावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि एक एक आकडा बोट ठेवून वाचला, दहाही. बोट शेवटच्या आकड्यावर थांबलं. काही शंका वाटल्यास, असं तिने लिहिलं होतं. मला आता कसलीही शंका नव्हती. मी रिसीव्हर खाली ठेवला.